कर्ज काढून डिजिटल पत्रकारितेची पदविका घ्यावी का?

प्रश्न : मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी मराठी दैनिकाचा वार्ताहर आहे. वय ४२. बातमी मोबाइलवर टाइप करून व्हॉट्सॲपवरून जिल्हा कार्यालयाला पाठवतो, फोटोही तसेच. मानधन तुटपुंजे असल्याने घर जाहिरातींच्या कमिशनवर चालते. पत्रकार दिनाच्या कार्यक्रमात यंदा प्रत्येक वक्त्याने ‘डिजिटल शिका’ असे बजावले. नेमके काय शिकायचे, ते कुणी सांगितले नाही. शहरातील एक खासगी संस्था सहा महिन्यांच्या पदविकेसाठी ८५ हजार रुपये मागते आहे. पुतण्या म्हणतो, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिका. मित्र म्हणतात, यूट्यूब चॅनल काढा. पतसंस्थेचे कर्ज काढून प्रवेश घ्यावा का? आणि इंग्रजी यथातथाच असताना हे सारे मला जमेल का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

कर्ज काढू नका. ती संस्था वाईट आहे, असे मला म्हणायचे नाही. अशा पदविकांमध्ये साधारणपणे व्हिडिओचे संपादन, समाजमाध्यमांसाठी मजकूर तयार करणे, गूगलसारख्या शोधयंत्रात वर दिसेल असा मथळा लिहिणे आणि संकेतस्थळावर बातमी चढवणे एवढे शिकवले जाते, आणि शहरातल्या वृत्तकक्षात पहिली नोकरी शोधणाऱ्या विशीतल्या मुला-मुलींना त्याचा उपयोगही होतो. तुम्हाला मात्र आहे तेच काम अधिक खोलवर करायचे आहे आणि त्याला लागणारी बहुतेक साधने फुकट मिळतात. शिवाय, गरज नसताना शिकलेले साधन टिकत नाही. ग्रामीण वार्ताहरांच्या शिबिरांत मी हे वारंवार पाहिले आहे : शिबिरात सगळ्यांना सगळे जमते, आणि गावी परतल्यावर फाइल कुठे ठेवली होती हेही आठवत नाही. ज्यांच्या डोक्यात त्या वेळी एखादा अडलेला विषय असतो, त्यांच्याच हातात ते कौशल्य राहते.

म्हणून अभ्यासक्रम निवडण्याआधी एक प्रश्न निवडा. त्याचे उत्तर आज तुम्हाला ठाऊक नसावे, तो तालुक्यातल्या लोकांच्या रोजच्या जगण्यातला असावा आणि त्याची सरकारी नोंद कुठेतरी जाहीर झालेली असावी. त्या प्रश्नासाठी जे लागेल, तेवढेच शिका. पत्र मराठवाड्यातून आले आहे, तेव्हा उदाहरण पाण्याचेच घेतो आणि ते जरा तपशिलाने सांगतो, कारण तुमचा निम्मा अभ्यासक्रम त्यातच आहे.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनचे उद्दिष्ट प्रत्येक ग्रामीण घराला नळाने दररोज माणशी ५५ लिटर पाणी देण्याचे आहे. त्याची मूळ मुदत २०२४ पर्यंतची होती. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ती २०२८ पर्यंत वाढवण्याची घोषणा झाली. या योजनेच्या केंद्रीय संकेतस्थळावर राज्यापासून एकेक पायरी उतरत थेट गावापर्यंत जाता येते आणि गावात घरे किती, त्यांपैकी नळजोडणी असलेली किती, हे पाहता येते. सर्व घरांना जोडणी मिळालेल्या गावाला तिथे ‘हर घर जल’ म्हटले जाते. मात्र त्यात दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात जोडण्या पूर्ण झाल्याचे विभागाने केवळ कळवलेले असते. दुसऱ्या प्रकारात गावाने ग्रामसभेत तसा ठराव करून ते प्रमाणित केलेले असते. तुमच्या तालुक्यातील किती गावे पहिल्यात अडकली आहेत आणि किती दुसऱ्यात पोहोचली आहेत, एवढे मोजले तरी तो बातमीचा विषय होतो.

आता दुसरी यादी घ्या. उन्हाळ्यात ज्या गावांना आणि वाड्या-वस्त्यांना टँकर सुरू असतात, त्यांची यादी पंचायत समितीत किंवा तहसील कार्यालयात मिळते. ‘तालुक्यात टँकरची संख्या वाढली’ ही बातमी तुम्ही दर वर्षी देत असणार. या खेपेला ती यादी जलजीवनच्या यादीशेजारी ठेवा आणि पाहा, प्रत्येक घरात नळ असलेल्या गावाचे नाव टँकरच्या यादीत आहे का?

हे काम गूगल शीट्समध्ये किंवा एक्सेलमध्ये होते. एका ओळीत एक गाव आणि एका रकान्यात एकच माहिती, एवढा नियम सुरुवातीला पुरे. अडचणी लगेच सुरू होतील आणि शिक्षणही तिथेच सुरू होईल. पहिली अडचण नावांची. एकाच नावाची बुद्रुक आणि खुर्द अशी दोन गावे आपल्याकडे जागोजागी आहेत. केंद्राच्या यादीत ती रोमन लिपीत, कुठे पूर्ण, कुठे ‘बीके’, ‘केएच’ अशी तुटक लिहिलेली असतात, तर पंचायत समितीच्या यादीत ‘बु.’ आणि ‘खु.’ असते. संगणकाला ही चारही वेगळी गावे वाटतात. यासाठी केंद्र सरकारच्या ‘लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी’ या जाहीर सूचीत प्रत्येक गावाला दिलेला सांकेतिक क्रमांक शोधून दोन्ही याद्यांत तो एक स्वतंत्र रकाना म्हणून भरा. पुढची सगळी जुळणी नावाऐवजी त्या क्रमांकावर करा. दुसरी अडचण अंकांची. रकान्यात देवनागरी अंक भरले तर संगणक त्यांना बहुतेकदा मजकूर समजतो आणि बेरीज शून्य दाखवतो. म्हणून गणित करायच्या रकान्यात 1, 2, 3 असे इंग्रजी अंकच वापरा आणि छापताना ते देवनागरीत करून घ्या. तिसरी तारखेची : संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल तर ५ जुलैचा टँकर ७ मेला सुरू झालेला दिसतो. ही चूक डोळ्यांना दिसत नाही आणि छापून आल्यावर मात्र सगळी बातमीच पाडते.

यापुढे क्रम लावणे, गाळणी (फिल्टर) लावणे, टक्केवारी काढणे, व्हीलुकअप या सूत्राने दोन याद्या जुळवणे आणि पिव्होट टेबलने मोठ्या यादीचा गोषवारा काढणे, एवढेच शिका. रोज संध्याकाळी तासभर दिला, तर आठवड्या-दोन आठवड्यांत हे हातात बसते, आणि विदापत्रकारिता, म्हणजे आकडेवारीवर आधारलेली पत्रकारिता, म्हणून जे शिकवले जाते त्याचा मोठा भाग एवढ्यातच येतो. संकेतस्थळावरचे आकडे बदलत राहतात, त्यामुळे ज्या दिवशी ते उतरवून घ्याल त्या दिवसाचे पडद्याचे छायाचित्र तारखेसह ठेवा आणि इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर ते पान जतन होते का, तेही करून पाहा. ‘असा आकडा आमच्याकडे नव्हताच’ असे कुणी म्हटले, तर तुमच्याकडे उत्तर असेल.

समजा, दोन्ही याद्यांत असलेली काही गावे सापडली. ही अजून बातमी नव्हे. आता गावात जायचे आहे, आणि इथे तुमचा इतक्या वर्षांचा वावर कामाला येतो. टँकर गावठाणाला येतो की दूरच्या वस्तीला, हे तुम्हाला माहीत असते. संकेतस्थळ पूर्ण महसुली गाव मोजते, टँकरच्या यादीत वस्ती स्वतंत्र असते; हा फरक न पाहता ‘सरकारी आकडे खोटे’ असा मथळा दिला, तर तो मथळाच खोटा ठरेल. नळ उघडून पाहा. पाणी किती दिवसांआड येते, किती वेळ येते आणि तेवढ्या वेळात किती हंडे भरतात, हे वेगवेगळ्या आळ्यांतल्या चार-पाच घरी विचारा आणि शक्य तिथे मोजा. ५५ लिटरचा निकष कागदावर आहेच, त्याच्याशी तुलना करा. टँकरच्या खेपांची नोंदवही पाहा. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) ग्रामसभेच्या ठरावाची प्रत मागा. पाणीपुरवठ्याच्या उपअभियंत्याला वेळ देऊन त्याची बाजू घ्या. कदाचित असे निघेल की जोडण्या खरोखर झाल्या आहेत, पण उद्भव विहीर, म्हणजे योजनेला पाणी पुरवणारी विहीर, मार्चमध्येच कोरडी पडते, किंवा पंपाचे वीजबिल थकल्याने जोडणी तोडलेली आहे. मग बातमी ‘नळ आहेत, पण उद्भवच नाही’ अशी होते. ती अधिक खरी असते, आणि गावाच्या उपयोगाचीही.

ठराव किंवा नोंदवही दाखवायला कुणी नकार दिला, तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे : शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आतला असावा लागतो. राज्याचे ऑनलाइन पोर्टल आहे, तरी पंचायत समितीच्या कामासाठी मी अजूनही कागदी अर्ज आणि शिक्क्याची पोच यांनाच पसंती देतो. ‘सर्व माहिती द्यावी’ असे कधीही लिहू नका. कोणत्या कालावधीचा, कोणत्या गावाचा, कोणता कागद, हे नेमके लिहा.

बातमी तयार झाल्यावर तिच्यासोबत गावनिहाय तक्ता द्या. डेटारॅपर या विनामूल्य साधनाने मोबाइलवर वाचता येईल असा तक्ता किंवा आलेख प्रोग्रामिंग न येताही तयार होतो, आणि त्यात मराठी मजकूर नीट बसतो. वाचक आधी स्वतःचे गाव शोधतो. ते त्याला दोन सेकंदांत सापडले पाहिजे.

आता टंकलेखन. हे कौशल्य कुणी डिजिटल म्हणून मोजत नाही, परंतु मराठी पत्रकाराचे सर्वांत जास्त नुकसान त्याच्या अभावी होते. आपल्या अनेक वृत्तपत्रांत पानांची जुळणी वर्षानुवर्षे श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये होत आली. त्या फॉन्टमधला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच, ती रोमन चिन्हांची जुडी असते. म्हणून गेल्या कित्येक वर्षांतल्या तुमच्या बातम्या आज शोधल्या तर सापडत नाहीत. तुम्ही मोबाइलवर टाइप करता ते युनिकोड आहे, म्हणजे कोणत्याही संगणकाला मराठी म्हणूनच वाचता येणारी अक्षरे, हे चांगलेच. पण अंगठ्याने किंवा आवाजाने लिहिलेल्या मजकुरात र्‍हस्व-दीर्घाची आणि नावांची हेळसांड होते. संगणकावर इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा कळफलक शिका. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने, अशी त्याची मांडणी आहे; महिनाभर नेटाने सराव केला तर बोटे वळतात. ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’ यांमधला अर्धा र अडतो तेव्हा शिफ्ट धरून जे दाबा, मग डी दाबून पुढचे अक्षर लिहा, की तो बरोबर उमटतो. स्वतःच्या सगळ्या बातम्यांची युनिकोड प्रत गाव आणि तारीख घालून आजपासून जपून ठेवा. पाच वर्षांनी तो तालुक्याचा असा संग्रह होईल, जो दुसऱ्या कुणाकडे नसेल.

याच फॉन्टच्या गोंधळामुळे पीडीएफमधला मजकूर नकलून घेताना निरर्थक अक्षरे उमटतात. तिथे ते पान चित्र म्हणून गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा. चित्रातली मराठी अक्षरे बऱ्यापैकी ओळखली जातात. अंक मात्र मूळ कागदाशी एकेक करून ताडून घ्या, कारण १ आणि ९ यांची गल्लत हमखास होते. पीडीएफमधले तक्ते सरळ रकान्यांत आणायचे असतील, तर टॅब्युला हे पत्रकारांसाठीच घडवलेले मोफत साधन आहे. स्कॅन केलेल्या कागदावर ते चालत नाही.

पडताळणीविषयी मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेसाठी फिरणारे लोक होते. त्या काळात देशभर फिरणारी मुलाच्या अपहरणाची एक चित्रफीत मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या जनजागृती मोहिमेची होती; तिचा खुलासा करणारा शेवटचा भाग कापून ती पसरवली गेली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. अशी अफवा तालुक्यात शिरते तेव्हा ती दिल्ली-मुंबईच्या तथ्य-तपासनिसांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. तुमच्या मोबाइलवर मात्र ती पहिल्या तासात येते. तो तास तुमच्या हातातला आहे.

त्या तासात काय करायचे? चित्रफीत थांबवून स्पष्ट चौकटींची (फ्रेमची) छायाचित्रे घ्या आणि ती गूगल लेन्सवर शोधा. संगणक असेल तर इनव्हिड हे ब्राउझरचे जोडसाधन अशा चौकटी आपोआप काढून देते. जुन्या तारखेला तीच चित्रे निघाली, की बहुतेक काम झाले. काहीच निघाले नाही, तरी दृश्य खरे ठरत नाही. मग दुकानाच्या पाटीवरची लिपी, वाहनाच्या क्रमांकाची पाटी, एसटीवरचे आगाराचे नाव, लोकांची बोली, उसाची किंवा ज्वारीची उंची, हे पाहा. आपल्या भागातले पीक कोणत्या महिन्यात किती वाढलेले असते, हे तुम्हाला जसे कळते तसे शहरातल्या तपासनिसाला कळत नाही. आणि पोलीस पाटलाला फोन करा. तो फोन कोणत्याही साधनाहून जलद आहे. अशा तपासाची रीत समजून घ्यायला न्यूजचेकर आणि फॅक्ट क्रेसेंडो या अफवा तपासणाऱ्या संकेतस्थळांच्या मराठी आवृत्त्या रोज वाचा. निष्कर्ष काय निघाला यापेक्षा ते तिथवर कसे पोहोचले, याकडे लक्ष द्या.

तुम्ही फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवता, तेही थोडे बदला. तसा फोटो दाबला जातो आणि तो केव्हा, कुठे काढला याची त्यात दडलेली माहिती पुसली जाते. कार्यालयाला पाठवताना फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे मूळ प्रत शाबूत राहते. उलट, ज्याची ओळख जपायची आहे अशा माणसाच्या घरी काढलेला फोटो असेल, तर हीच दडलेली माहिती त्याला अडचणीत आणू शकते. तिथे ती मुद्दाम काढून टाका. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे आणि बालकांच्या बाबतीत पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचे कलम २३ हेच सांगते. नाव न देता गावाचे, शाळेचे, वडिलांच्या धंद्याचे वर्णन देऊन ओळख पटवणे, हेही त्यातच येते. तालुक्याच्या गावात तर एवढ्या वर्णनावरून लोक घरापर्यंत पोहोचतात.

पायथन आज नको. शेकडो पानांवरची माहिती रोज उतरवून घेण्याची वेळ येईल तेव्हा त्याचा उपयोग आहे, आणि ती वेळ आली तर पुतण्याला सोबत घ्या; प्रश्न तुमचा, प्रोग्राम त्याचा. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने ध्वनिमुद्रणाचा मजकूर करायला किंवा इंग्रजी अहवाल ढोबळमानाने समजून घ्यायला वापरा. मात्र ती गावांची नावे, आकडे आणि अवतरणे बेधडक बनवून देतात, म्हणून त्यांनी दिलेली एकही वस्तुस्थिती मूळ कागद पाहिल्याशिवाय छापू नका, आणि माहिती देणाऱ्याचे नाव त्यांत कधीच घालू नका.

इंग्रजीची भीती बाळगू नका. वर सांगितलेल्या कामाला पडद्यावरची वीस-पंचवीस इंग्रजी बटणे ओळखता आली की भागते. टेक्सास विद्यापीठाच्या नाइट सेंटरचे पत्रकारितेचे ऑनलाइन वर्ग विनामूल्य असतात. ते बहुतांशी इंग्रजीत आहेत, म्हणून वर्षभरानंतर, पुतण्याला शेजारी बसवून, एखादा करून पाहा. दरम्यान, पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ या संकेतस्थळावरील मराठीतले वृत्तान्त वाचा. बुंदेलखंडात चित्रकूट येथे २००२ मध्ये ग्रामीण स्त्रियांनी ‘खबर लहरिया’ हे छापील पत्र सुरू केले. त्याच आज मोबाइलवर बातम्या चित्रित करतात. त्यांतल्या अनेकींचे शालेय शिक्षणही पूर्ण झालेले नव्हते.

चॅनलची घाई करू नका. चॅनल चालवायचे तर रोज काहीतरी टाकावे लागते, आणि रोज टाकायचे म्हटले की पडताळणीला वेळ उरत नाही. आधी आपल्या दैनिकाच्या संकेतस्थळासाठी दोन-तीन बातम्या अशा पद्धतीने करा. मजकुरासोबत दिलेल्या व्हिडिओचे आणि तक्त्याचे वेगळे मानधन मिळणार का, नाव जाणार का, आणि तोच मजकूर पुढे स्वतः वापरता येणार का, हे जिल्हा कार्यालयाकडून लेखी घ्या. व्हॉट्सॲपवरचा एका ओळीचा होकारही चालेल, पण लेखी घ्या.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी पत्रातल्या एका ओळीमुळे सांगणे भाग आहे. तुमचे घर जाहिरातींच्या कमिशनवर चालते, आणि पाणीयोजनेचा कंत्राटदार, सरपंच, बाजार समितीचा संचालक हेच तालुक्यातले जाहिरातदार असतात. ज्याच्या वाढदिवसाची जाहिरात तुम्ही आणली, त्याच्याच गावची टाकी कोरडी निघाली तर काय करायचे, हे याद्या जुळवायला बसण्याआधी ठरवा. माझ्या मते ज्या विषयाची बातमी तुमच्या हातात आहे, त्या विषयाशी संबंधित माणसाची जाहिरात तेवढ्या काळापुरती तुम्ही घेऊ नये. ती कार्यालयाने दुसऱ्या कुणामार्फत घ्यावी. हे जिल्हा प्रतिनिधीला बातमी पाठवण्याच्या दिवशी सांगू नका, विषय हाती घेताच सांगा, म्हणजे दबाव आला तर तो एकट्या तुमच्यावर येणार नाही. तुमच्या कमिशनचे तेवढे नुकसान होईल, याची मला कल्पना आहे. म्हणूनच पहिला विषय लहान घ्या, सगळा तालुका न घेता एका महसूल मंडळातली दहा-बारा गावे घ्या आणि एप्रिलमध्ये टँकर सुरू होण्याआधी जलजीवनची यादी उतरवून ठेवा.